आसोचा जावई

"अगं, राक्षसाला सासुरवाडी असते हे तुला माहीत होतं का?"

सकाळची दहाची वेळ. मी कुंपणाच्या भिंतीवर कुरडयांचं ताट ठेवत होते आणि लेलेकाकू पलीकडून स्टुलावर चढून उभ्या. ओकायामाला लेकीकडचा मुक्काम आटोपून आल्यापासून त्यांच्याकडे बातम्यांचा साठा आहे. जावयाची कंपनी, कचऱ्याचे वेगवेगळे वार, एकेक पीच कसं कापसात गुंडाळून विकतात, हे सगळं आधीच होऊन गेलं होतं. आता गाडी राक्षसावर आली होती.

"कुठल्या राक्षसाला?" मी विचारलं. आमच्या सोसायटीत या पदाला दोन-तीन उमेदवार आहेत.

"उराला. ओकायामाचा गं, जपानमधला. आपलं सिंहगड रस्त्याचं पु. ल. देशपांडे उद्यान नाही का? ते ज्या कोराकुएन बागेवरून बेतलंय ती याच गावची. लेक तीच बाग दाखवायला निघाली. मी म्हटलं, बागेत काय, मी पुण्यात रोज संध्याकाळी जाते, दुसरं काही असेल तर बोल. मग म्हणाली, चल, राक्षसाकडे नेते."

काकूंनी पदर खोचला. म्हणजे आता अर्धा तास तरी निश्चित.

"तर हा उरा म्हणजे ओनी. तिथल्या राक्षसांचा म्होरक्याच म्हण ना. उंची चौदा फूट, केस आगीसारखे लाल, डोळे वाघाचे. आला कुठून? तर समुद्रापलीकडून. कुदाराचा राजपुत्र होता म्हणतात. कुदारा म्हणजे आताच्या कोरियातलं बेकजेचं राज्य. तिथून निघाला तो किबीत येऊन थडकला. ओकायामाच्या त्या सगळ्या मुलखाला पूर्वी किबी म्हणायचे. डोंगरावर दगडी कोट बांधला आणि वरून समुद्रावर नजर ठेवून बसला. राजधानीकडे करभाराची गलबतं निघाली की हा खाली उतरून लुटणार. आणि बायका पळवायचा, असंही म्हणतात."

"डोंगरावरून समुद्र दिसतो?"

"आजही दिसतो. आणि तेव्हा तर पाणी पार आत आलेलं होतं. आज जिथे भातखाचरं आहेत तिथे खाडी होती. ते कोजिमा, जिथल्या जीन्सच्या पँटी जगभर जातात, ते तेव्हा चक्क बेट होतं. सगळी गलबतं याच्या डोळ्यांसमोरूनच जायची. मग कोणालाही मोह होईल गं."

काकूंचा कल कुठे आहे ते मला तिथेच कळलं. त्या बोलता बोलता पक्ष घेतात, आणि एकदा घेतला की सोडत नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या वेळीही हेच झालं होतं.

"लोकांनी दरबारात गाऱ्हाणं घातलं. तिथून राजपुत्र आला, इसासेरिहिको. हा सम्राट कोरेईचा मुलगा. समोरच्या टेकडीवर तळ दिला, आडोशाला दगडी ढाली उभ्या केल्या आणि लढाई जुंपली. याने बाण सोडावा, त्याने वरून धोंडा भिरकवावा, दोन्ही हवेत आपटून खाली पडावेत. असं किती वेळ चालणार? शेवटी राजपुत्राने एकदम दोन बाण लावले. एक धोंड्याला अडला, दुसरा उराच्या डाव्या डोळ्यात."

"अगं बाई!"

"रक्ताचा पाट वाहिला. तिथे एका ओढ्याचं नावच रक्त पिणारी नदी असं आहे. चिसुइगावा. मी बघितली, घोटाभर पाणी असेल. तर डोळा फुटलेला उरा तितर होऊन उडाला, म्हणजे तो तिकडचा रंगीत फेझंट असतो ना, तो. हा ससाणा होऊन मागे. मग उरा कार्प मासा होऊन त्या रक्ताच्या पाण्यात शिरला, तर हा पाणकावळा झाला आणि मासा चोचीत धरला. संपलं. धोंडे पडले तिथे एक देऊळ, मासा खाल्ला तिथे एक देऊळ. त्या मुलखात तू कुठेही बोट ठेव, उराचं काहीतरी सांडलेलं सापडतंच."

"आणि दगडी ढाली?"

"त्यासुद्धा उभ्या आहेत. तातेत्सुकी का काहीसं नाव. पण जावई म्हणाला, ते मुळात एक थडगं आहे, दुसऱ्या शतकातल्या कुणा सरदाराचं. गोष्ट नंतर येऊन त्याला चिकटली."

मी कुरडया उलटवल्या. खरं सांगायचं तर इथवर मला फारसं काही नवीन वाटत नव्हतं. राक्षस, राजपुत्र, रूपं बदलणं. आपण लहानपणी याच्यावरच वाढलो. पण काकूंनी आवाज उतरवला. आवाज उतरला की खरी बातमी असते.

"आता यातली गंमत ऐक. हरताना उराने काय केलं, तर स्वतःची पदवी राजपुत्राला देऊन टाकली. किबीचा स्वामी. तेव्हापासून इसासेरिहिकोचा झाला किबित्सुहिको. जिंकलास ते जिंकलास, वर नावही त्याचंच लावून घेतलंस! आणि दरबाराची जुनी पुस्तकं आहेत ना, 712 सालचं कोजिकी आणि 720 सालचं निहोन शोकी, त्यांत हा राजपुत्र आहे, किबीची मोहीम आहे, पण उरा नावाचा कोणी नाहीच. तो येतो तो फार नंतर, देवळांच्या माहात्म्यांमधून. इतकी शतकं तो राहिला तो गावकऱ्यांच्या तोंडी."

"म्हणजे नव्हताच?"

"कोणीतरी असणार गं. नाव नसेल. हे बघ, किबी काही साधंसुधं नव्हतं. तिथे एक थडग्याची टेकडी आहे, त्सुकुरियामा, साडेतीनशे मीटर लांब. अख्ख्या जपानात ती चौथी. पाचव्या शतकात असलं थडगं बांधणारा राजा यामातोच्या, म्हणजे त्या राजधानीच्या, दरबाराला वचकून असेल का? आणि लोखंड! किबीचं लोखंड नावाजलेलं. भट्ट्या, भाते, ओतकाम, आणि ही विद्या जाणणारी माणसं पुष्कळशी कोरियाकडून आलेली. नदीचं पाणी लाल का, तर लोखंडाची माती धुतली की लालच होणार. लाल केस म्हणशील तर भट्टीपुढे उभा राहिलेला कुठलाही माणूस तसाच दिसतो. समुद्राची वाट, लोखंड आणि स्वतःचा राजा, हे दरबाराच्या डोळ्यांत खुपल्याशिवाय राहणार नव्हतंच. मग ज्याला मारायचं त्याला आधी शिंगं लावायची."

मी म्हटलं, "काकू, हे तुमचं की जावयाचं?"

"लोखंडाचं जावयाचं. शिंगांचं माझं."

उराच्या कोटाची कथा तर त्याहून वरताण निघाली. त्या डोंगराचं नावच किनोजो, राक्षसाचा किल्ला. उंची सुमारे चारशे मीटर. वर खरोखरच तटबंदी असल्याचं 1971 साली उजेडात आलं. डोंगरमाथ्याला वेढा घालणारी जवळजवळ अठ्ठावीसशे मीटरची भिंत, दरवाजे, पाणी वाहून जायच्या मोऱ्या, आत लोहारकामाच्या भट्ट्या. पश्चिमेचा दरवाजा आता पुन्हा उभारलाय, त्याचे फोटो काकूंनी मोबाइलवर दाखवले. लाकडाचा भरभक्कम दरवाजा, आणि त्याच्यापुढे उन्हाने डोळे बारीक केलेल्या काकू, पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूज.

"पण संशोधक काय म्हणतात ते ऐक," काकू भिंतीवर आणखी वाकल्या. "663 साली जपानचं आरमार कोरियाच्या किनाऱ्यावर बेकजेच्या बाजूने लढायला गेलं आणि सपाटून मार खाऊन आलं. बेकजेचं राज्य तर गेलंच होतं. आता शत्रू आपल्यावर चालून येणार, या धास्तीने दरबाराने जागोजाग डोंगरी किल्ले बांधायला काढले. धाटणी कोरियाची, कारण पळून आलेले बेकजेचे जाणकार हाताशी होते. किनोजो त्यातलाच असावा. म्हणजे समजलं का? राक्षसाचा म्हणून जो वाडा दाखवतात तो बहुधा सरकारनेच बांधलेला! पुढे सरकार विसरलं, तट ढासळला, आणि खालच्या गावांनी वर बघून म्हटलं, एवढे धोंडे माणसाने थोडेच रचलेत!"

यावर मी हात टेकले. आमच्या गल्लीतली पाण्याची टाकी नेमकी कोणाच्या कारकिर्दीत बांधली, यावरसुद्धा एकमत नाही.

मोमोतारोवर मात्र काकूंचा राग. पीचमधून निघालेला तो मुलगा, कमरेला ज्वारी-बाजरीच्या जातीतल्या धान्याचे गोळे, संगतीला कुत्रा, माकड आणि तितर, आणि बेटावर जाऊन राक्षसांना झोडपून त्यांचा खजिना घेऊन येणारा. तो म्हणजेच किबित्सुहिको, आणि बेटावरचा राक्षस म्हणजे उरा, असं ओकायामावाले म्हणतात. पण हे नातं फार जुनं नव्हे. 1930 साली तिथल्याच एका धातुकाम करणाऱ्या गृहस्थांनी, नानबा किन्नोसुके यांनी, पुस्तक लिहून ते मांडलं, आणि मग गावाने उचलून धरलं. स्टेशनसमोर मोमोतारोचा पुतळा, विमानतळाला मोमोतारोचं नाव, देवळाकडे जाणारी लोकल तीही मोमोतारो लाइन.

"समुद्रापलीकडचे ताकामात्सूवाले म्हणतात, मोमोतारो आमचा. त्यांच्याकडे मेगिजिमा बेटावर मोठी गुहा आहे, हेच राक्षसाचं घर म्हणून तिकीट लावून दाखवतात. तिकडे आइची प्रांतात तिसरे दावेदार. आपल्याकडे अंजनेरीवरून नाही का भांडण झालं, मारुती नाशिकचा की कर्नाटकातला? तस्संच. पण मी म्हणते, हवाय कशाला मोठेपणा त्या पोराला? फुकुझावा युकिची म्हणून मोठे शिक्षणवाले होऊन गेले, त्यांचं चित्र दहा हजारांच्या नोटेवर होतं. त्यांनी 1871 साली आपल्या मुलांसाठी लिहून ठेवलं की खजिना राक्षसांचा होता, तो उचलून आणणारा मोमोतारो चोरच. आकुतागावा या लेखकाने तर 1924 साली गोष्टच उलटी लिहिली. राक्षस बिचारे बेटावर गातात-नाचतात, आणि मोमोतारो येऊन कत्तल करतो. आणि 1945 साली? नौदलाने याच मोमोतारोला सेनापती करून लांबलचक कार्टून सिनेमा काढला. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा."

"काकू, तुम्ही लेकीकडे गेला होतात की लायब्ररीत?"

"पावसाळा होता गं. बाहेर कुठे जाणार."

एवढ्यात आतून लेलेकाकांची हाक आली. चहाचं काहीतरी होतं. "गॅसवर ठेवलाय, गाळून घ्या!" काकू मागे न बघता ओरडल्या.

"हं. तर मुंडकं. राजपुत्राने उराचं मुंडकं कापून गावात टांगलं, तर ते ओरडायला लागलं. रात्रंदिवस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथे मेल्यावरही जाईना. तेव्हा इनुकाई ताकेरू नावाच्या सरदाराला सांगून ते कुत्र्यांपुढे टाकलं. नुसती कवटी उरली तरी ओरडणं चालूच. हा इनुकाई म्हणजे मोमोतारोचा तो कुत्रा बरं का! त्याच्या वंशातले म्हणवणारे इनुकाई त्सुयोशी पुढे पंतप्रधान झाले, 1932 च्या मे महिन्यात नौदलाच्या पोरांनी त्यांना घरात शिरून गोळ्या घातल्या. देवळाजवळ पुतळा आहे त्यांचा. असो. तर कवटी शेवटी किबित्सुच्या देवळात, स्वयंपाकाच्या चुलीखाली आठ फूट खोल पुरली. तरी तेरा वर्षं आवाज येत राहिला. आजूबाजूच्या गावांची झोप उडाली."

"मग?"

"मग उरा राजपुत्राच्या स्वप्नात आला. म्हणाला, माझी बायको आसोहिमे, आसो गावच्या पुजाऱ्याची मुलगी, तिला या चुलीवर नैवेद्य रांधू दे. म्हणजे मी गप्प बसेन. आणि नुसता गप्प नाही, तुमच्या कामाला येईन. बरं व्हायचं असेल तर हंडा छान घुमेल, वाईट असेल तर कर्कश वाजेल." काकू थांबल्या. "बघ हं. डोळा गेला, नाव गेलं, डोकं कुत्र्यांनी खाल्लं. आणि मागितलं काय? बायकोच्या हातचा भात."

मी काही बोलले नाही.

"आणि हे आसो म्हणजे ओताऱ्यांचं गाव. देवळाचा हंडा ओतायचा मान त्यांचा. त्यांनी जावयाला टाकलं नाही गं. दरबाराने राक्षस म्हटलं, देवळाने राक्षस म्हटलं, अख्ख्या देशाची शाळेतली पुस्तकं राक्षस म्हणाली. पण चुलीपुढे आजही जी बाई बसते तिला आसोची बाईच म्हणतात. आझोमे. पिढ्यान्‌पिढ्या. खून करणाऱ्याच्या देवळात, त्याच्याच छपराखाली, खून झालेल्याचा भात शिजतोय."

मग काकूंनी तो विधी सांगितला. किबित्सुचं मुख्य देऊळ 1425 सालचं, दुहेरी शिखराच्या छपराचं, त्या धाटणीचं जपानात तेवढंच. तिथून डोंगराच्या उताराने खाली जाणारी लाकडी ओवरी, साडेतीनशे मीटरवर लांब, जमिनीच्या चढ-उताराबरोबर तीही वरखाली होणारी. काकूंच्या गुडघ्यांनी तिची नोंद घेतली आहे. तिच्या कडेला चुलीचं घर. आत अंधार, भिंती-तुळया धुराने काळ्याकुट्ट. चुलीवर लोखंडी हंडा, त्यावर आपल्या मोदकपात्रासारखं वाफेचं लाकडी भांडं. खाली जाळ, वर वाफेचा लोट. पुजारी मंत्र म्हणू लागला की ती बाई कोंड्यासकटचे तांदूळ त्या भांड्यात घालून हलवू लागते.

"आणि अगं, घुमतं! आधी मला वाटलं बाहेर ट्रक उभा राहिलाय. मग आवाज वाढला. बोंऽऽऽ करून. कानाला नाही, इथे लागतो, बरगड्यांना. मांडीवर हात ठेवले होते ते थरथरले. मंत्र संपत आला तसा विरत गेला."

"तांदळाने कसा आवाज येईल?"

"वाफ गरम, तांदूळ गार. त्या फरकाने भांड्यातली हवा थरारते आणि बासरीत जसा सूर धरतो तसा धरते, असं विज्ञानवाले सांगतात. जावई अर्धा तास हात हलवून समजावत होता. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, पण तू आधी डोकं खाली कर, देऊळ आहे."

"मग पुजाऱ्याने काय सांगितलं?"

"तिथेच तर मेख आहे! काही सांगत नाही. पुजारी नाही, ती बाईही नाही. तुम्ही ऐकलंत, तुमचं तुम्ही समजा. आपल्याकडे असता तर भटजींनी लगेच शांत सांगितली असती."

आता मला राहवेना. "काकू, तुम्ही काय विचारलंत?"

काकूंनी उगीच माझी एक कुरडई सरळ केली. "विचारलं, लेक-जावई परत पुण्याला यायचे का म्हणून. मनातल्या मनात. तिला नाही कळू दिलं."

"आणि?"

"घुमलं चांगलं. दणदणीत. पण घुमलं म्हणजे ती परत येणार, की तिथेच सुखाने राहणार? चांगलं कोणाचं, हे त्या उराला कोण विचारणार?"

हे बोलून झाल्यावर मात्र त्यांनी घाईघाईने विषय बदलला आणि एका लग्नाची गोष्ट सुरू केली. उएदा आकिनारी या लेखकाने 1776 सालच्या आपल्या भुताखेतांच्या कथासंग्रहात घातलेली. किबित्सुच्या पुजाऱ्याचीच मुलगी इसोरा. स्थळ आलं शोतारोचं. घरचा सधन शेतकरी, पण मुलगा बाहेरख्याली. घरच्यांना वाटलं लग्न झालं की सुधारेल. ("सगळ्या जगात आया एकच," काकू म्हणाल्या.) पुजाऱ्याने रीतीप्रमाणे हंड्याला कौल लावला. हंडा गप्प. एक हुंकार नाही. बाप बिचकला, पण देणंघेणं झालेलं, आईने समजूत घातली, लग्न लागलं. इसोरा सोन्यासारखी. हा मात्र एका वेश्येच्या नादी लागला, वर बायकोलाच गोड बोलून तिच्याकडून पैसे उकळले आणि त्या बाईला घेऊन पळाला. इसोरा झुरून मेली. आधी ती बाई गेली, मग याची पाळी आली. मांत्रिकाने सांगितलं, बेचाळीस दिवस दाराबाहेर पडू नकोस. शेवटच्या रात्री उजाडल्यासारखं वाटलं, याने दार उघडलं, आणि बाहेर अजून काळोखच होता. शेजारी धावत आला तर भिंतीवर रक्त आणि वळचणीला लोंबणारी शेंडी. बाकी माणूस नाही.

"स्वतःचा हंडा, स्वतःच्या देवळातला, आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी त्याचं ऐकलं नाही!" काकूंनी कपाळाला हात लावला. "उराने बिचाऱ्याने सांगितलं होतं. तो कधी खोटं बोलला नाही."

"बिचारा म्हणे. बायका पळवायचा ना तो?"

"ते दरबार म्हणतो. आसोच्या लोकांनी कुठे तक्रार केली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंनी मोबाइल पुन्हा पुढे केला. ऑगस्टमधला रस्ता, ढोल, आणि लाल-निळ्या-काळ्या रेघांनी तोंडं रंगवलेली शेकडो पोरंपोरी नाचताहेत. उराजा म्हणतात, 1994 पासून होतं. तोंडावरच्या त्या रंगाला उराचा साज म्हणायचं. ज्या गावाच्या स्टेशनावर मोमोतारो उभा, त्याच गावची पोरं उन्हाळ्यात उरा होऊन नाचतात. एका चिमुरडीने कपाळावर शिंगं काढून घेतली होती. काकूंनी तिथे फोटो मोठा करून दाखवला. ती त्यांची नात.

"बघ, माझ्याही घरात एक राक्षस आहे आता," काकू म्हणाल्या. मग आतून काहीतरी उतू गेल्याचा वास आला आणि त्या स्टुलावरून उतरल्या. उतरता उतरता पुन्हा वळल्या.

"तुझं जपानचं ठरलंय ना पुढच्या वर्षी? जा तिथे, पण शुक्रवार सोडून जा. शुक्रवारी हंडा बंद असतो."

"आठ फूट खाली पुरलेल्याला कसली सुट्टी?"

"त्याला नसेल," काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "पण रांधणारीला नको?"